४८२ ते १८६: ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी कुपवाडमध्येच राहून जाणारे कागद

सुट्टीला सांगलीत आलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी प्लॅस्टिकची फाइल घेऊन घरी येतं. "दादा, तिकडची कंपनी स्पॉन्सर करायला तयार आहे, पीआर कधी मिळेल?" फाइल उघडावी तर पहिला कागद सातबारा. त्याखाली सीएनं दिलेला घर-जमिनीच्या किमतीचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, वडिलांचं पॅनकार्ड. सगळ्यात तळाशी अनुभवाचं पत्र, दोन ओळींचं: सदर इसम आमचेकडे ऑपरेटर म्हणून काम करीत होता, त्याची वर्तणूक चांगली आहे.

स्पॉन्सरशिपच्या व्हिसाला सातबारा लागत नाही. त्या दोन ओळींवर मात्र सगळी फाइल अडते. मी सांगलीशेजारच्या कुपवाडच्या एका टूलरूममधून बाहेर पडलो, ४८२ या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलो आणि १८६ या कायमच्या व्हिसावर पीआर, म्हणजे तिथला कायमचा रहिवासी, झालो. तेव्हापासून मिरज, पलूस, विटा, कराड, कोरेगाव अशा गावांतल्या बऱ्याच फाइली पाहिल्या. चुका त्याच त्या असतात, आणि बहुतेक इथेच, विमानात बसण्याआधी झालेल्या असतात. म्हणून हे क्रमाने लिहितोय. फिटर, मशिनिस्ट, वेल्डर, टूलमेकर आणि इंजिनिअर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. नर्सिंगवाल्यांची नोंदणी वेगळी असते, तरी कागदांचा भाग त्यांनाही लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. तिकडचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि फी, पगाराची मर्यादा बहुधा त्याच दिवशी बदलते. अर्ज भरायच्या आठवड्यात आकडे ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

टप्पा १: कोणता अर्ज कोण करतं ते समजून घ्या

"कंपनीनं पीआर दिला" असं आपल्याकडे सर्रास बोलतात. कंपनी पीआर देत नाही, देऊही शकत नाही. ४८२ साठी तीन वेगवेगळ्या मंजुऱ्या लागतात.

पहिली कंपनीची: ती मान्यताप्राप्त स्पॉन्सर व्हावी लागते. ही मान्यता साधारण पाच वर्षं चालते. दुसरी जागेची, म्हणजे नॉमिनेशन: अमुक काम, अमुक पगार, अमुक माणूस. तिसरी तुमची, म्हणजे व्हिसा. पहिल्या दोन अर्जांवर कंपनीची सही असते, तिसरा तुमचा. एक मंजूर झाला म्हणजे पुढचा आपोआप होईल, असं नाही.

४८२ हा तात्पुरता व्हिसा आहे. जुनं नाव टीएसएस. ७ डिसेंबर २०२४ पासून त्याच नंबराखाली स्किल्स इन डिमांड व्हिसा आला. तो जास्तीत जास्त चार वर्षांचा मिळतो. कायमचा व्हिसा म्हणजे १८६. त्यात जायला आपल्या लोकांसाठी दोन मुख्य वाटा आहेत. एक थेट: तीन वर्षांचा अनुभव आणि स्किल असेसमेंट, म्हणजे तुमच्या कौशल्याची तिकडच्या संस्थेनं केलेली तपासणी, हातात असेल तर. दुसरी ४८२ वर दोन वर्षं काम करून. बहुतेक मालक दुसरीच वाट धरतात, कारण न बघितलेल्या माणसाला कायमचं आणायची त्यांची तयारी नसते. त्यात वावगं काही नाही. आपण तरी न बघता कुणाला भागीदार करू का?

ग्रामीण भागातल्या मालकांसाठी ४९४ नावाचा आणखी एक व्हिसा आहे. त्यावरून तीन वर्षांनी १९१ या कायमच्या व्हिसाकडे जाता येतं. त्याचे नियम वेगळे आहेत. ऑफर लेटरवर ४९४ लिहिलं असेल तर इथले टप्पे ७ ते ९ जसेच्या तसे लावू नका.

*तपासा:* ऑफर लेटरमध्ये व्हिसाचा नंबर लिहिलाय का? नुसतंच "पीआर स्पॉन्सरशिप" लिहिलं असेल तर कोणता नंबर आणि कोणता स्ट्रीम (त्या व्हिसातला उपप्रकार), हे मेलवर विचारा. उत्तर फोनवर आलं तर ते मेलवर मागून घ्या.

टप्पा २: तारखा उलट्या मोजा

कागद गोळा करण्याआधी एक कोरं पान घ्या. वर तुमची जन्मतारीख, खाली ज्या दिवशी ४५ पूर्ण होतात ती तारीख. १८६ चा अर्ज दाखल होताना वय ४५ च्या आत लागतं. थोड्या सवलती आहेत, पण वर्कशॉपमधल्या माणसाला त्या सहसा लागू होत नाहीत. निर्णय कधी लागतो याला महत्त्व नाही, अर्ज कधी दाखल झाला ते मोजतात.

आता हिशोब. समजा विट्याचा एक वेल्डर आज ४२ वर्षं ४ महिन्यांचा आहे. कागद, असेसमेंट आणि व्हिसा यात सहा महिने गेले, म्हणजे तिकडे पोचला तेव्हा ४२ वर्षं १० महिने. दोन वर्षं काम केलं: ४४ वर्षं १० महिने. कंपनीचं नॉमिनेशन आणि स्वतःचा अर्ज टाकायला हातात उरले दोन महिने. मधे आईच्या ऑपरेशनसाठी तीन महिने बिनपगारी रजेवर गावी आला असेल तर खेळ संपला, कारण बिनपगारी रजा त्या दोन वर्षांत धरत नाहीत. पीआरच्या अटी सगळ्या पुऱ्या, फक्त वय गेलं, असं मी दोनदा पाहिलंय. अशा माणसानं पहिल्या बोलणीतच मालकाला थेट १८६ विचारायला हवं.

याच पानावर बाकीच्या मुदती लिहा. ४८२ साठी गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव. इंग्रजी परीक्षेचा निकाल तीन वर्षं चालतो. पोलिसांचा दाखला आणि मेडिकल साधारण बारा महिने. म्हणून पोलीस दाखला नि मेडिकल सगळ्यात शेवटी काढायचं. आपल्याकडे मात्र पासपोर्टच्या साइटवर सोपं दिसतं म्हणून लोक आधी तेच काढून बसतात आणि मग ते कपाटात शिळं होतं.

टप्पा ३: नाव एक करा

दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. पीएफला "एस. ए. पाटील". आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. आपल्याला ठाऊक असतं की माणूस एकच आहे. मेलबर्नमध्ये टेबलावर बसलेल्याला ते ठाऊक नसतं.

क्रम असा ठेवा. आधी पासपोर्ट बघा, त्यावरचं नाव हेच खरं माना. मग आधार, पॅन, पीएफचा यूएएन आणि बँक त्याला जुळवा. बोर्डाची मार्कलिस्ट बदलायच्या फंदात शक्यतो पडू नका, त्यात वर्ष जातं. फरक नुसता क्रमाचा किंवा आद्याक्षरांचा असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र पुरतं. नावच वेगळं असेल, जसं घरात ठेवलेलं एक आणि शाळेत लावलेलं दुसरं, तर राजपत्रात नावबदल छापून घ्या.

बायकोच्या बाबतीत लग्नाआधीचं नाव शिक्षणाच्या कागदांवर आणि लग्नानंतरचं पासपोर्टवर, हे चालतं. मधला दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला हवा. कार्यालयात झालेलं लग्न, पत्रिका, अल्बम ही नोंदणी नव्हे. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत नोंदणी करून घ्या. लग्नाला बारा वर्षं झाली असली तरी होते.

मुलांचे जन्मदाखले आजच काढून बघा. मिरजेच्या दवाखान्यात जन्मलेल्या पोराच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच असते, कारण बारसं नंतर झालं आणि पुन्हा कुणी गेलं नाही. जन्मनोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते नाव भरून घेता येतं. मराठीतले दाखले चालतात, पण सोबत इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता नि पात्रता असावी लागते.

*सावध:* आई-वडील या अर्जात बसत नाहीत. बायको किंवा नवरा आणि अवलंबून असलेली मुलं, एवढंच कुटुंब. "नंतर आईबाबांना पण याच फाइलवर घेऊ" असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा.

टप्पा ४: अनुभवाचा पुरावा

या टप्प्याला घाई करू नका. नावं महिन्याभरात जुळतात. अनुभवाच्या कागदांना मला पाच महिने लागले, तरी एक चूक राहिलीच. माझ्या जुन्या टूलरूममध्ये लागताना पद "हेल्पर" होतं. सहा महिन्यांत मी मशिनवर उभा राहिलो, पण रजिस्टरला पद बदललं दोन वर्षांनी. असेसमेंटवाल्यांनी ती दोन वर्षं सरळ वगळली. वाद घालायला माझ्याकडे कागद नव्हता.

पत्रात काय हवं ते सांगतो. कंपनीचं लेटरहेड, त्यावर पत्ता, फोन, ईमेल. कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, दिवसासकट. पद, आणि बदललं असेल तर कधी बदललं. पूर्णवेळ होतं का, आठवड्याला किती तास. पगार. आणि मग काम, नीट तपशिलात: कोणती मशिन, कोणता कंट्रोल, कोणतं मटेरियल, किती टॉलरन्स, ड्रॉइंग स्वतः वाचत होतात का, सेटिंग स्वतः करत होतात का, तपासणी कशानं करत होतात. शेवटी सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, थेट फोन नंबर.

"सर्व प्रकारची मशिनिंगची कामे केली" हे वाक्य पत्रात असेल तर ते पत्र परत न्या.

शेठ लोकांना असं पत्र लिहायचा कंटाळा असतो, ते म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. ठीक आहे, मसुदा तुम्ही लिहा. पण ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय-यादीतला, म्हणजे ॲन्झ्कोमधला, मजकूर शब्दशः उतरवू नका. तोच परिच्छेद त्यांनी हजार वेळा वाचलेला असतो. तुम्ही रोज जे करत होतात ते तुमच्या क्रमाने लिहा. आणि सही करणाऱ्याला सांगून ठेवा की तिकडून फोन किंवा मेल येऊ शकतो. फोन उचलून "कोण? असा कुणी नव्हता" असं हिशोबनिसानं म्हटलं की पत्र कितीही चांगलं असो, संपलं.

पत्राच्या जोडीला पगाराचा पुरावा लागतो, आणि आपल्या एमआयडीसीतली खरी अडचण इथे सुरू होते.

*ठेकेदाराकडून काम केलं असेल तर:* काम मोठ्या कारखान्यात, पीएफ मात्र ठेकेदाराच्या नावावर. पत्र कारखान्याच्या मॅनेजरकडून आणलं तर ते पीएफ पासबुकशी जुळत नाही. अशा वेळी मुख्य पत्र ठेकेदाराचं घ्या, कारण पगार त्यानं दिला, आणि त्यात "अमुक कारखान्यात नेमणूक" असं लिहून घ्या. कारखान्यातल्या सुपरवायझरचं कामाबद्दलचं पत्र त्याला पुरवणी म्हणून जोडा. गेटपास जपून ठेवला असेल तर तोही लावा.

*पीएफचा आकडा आणि पगार वेगळे असतील तर:* बऱ्याच कंपन्या पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापतात. पत्रात पगार २८,००० आणि पासबुकात १५,०००, हे बघून तिकडचा माणूस बिचकतो. बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ सोबत लावा आणि मर्यादेमुळे फरक आहे, असं एका ओळीत लिहून द्या.

*पीएफच नसेल तर:* वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या वर्कशॉपला तो बंधनकारक नाही. मग ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, हजेरीपत्रक, पगारपावत्या, जे असेल ते.

*पगार रोख असेल तर:* खरं सांगतो, रोख पगार आणि कुठेच नोंद नाही, असा अनुभव सिद्ध करणं फार कठीण आहे. नोटरीचं प्रतिज्ञापत्र एकटं फारसं टिकत नाही. ज्याला जायचंय त्यानं आजच शेठला सांगून पगार बँकेत घ्यायला सुरुवात करावी आणि तिथून वर्ष मोजावं. वर्ष फुकट गेल्यासारखं वाटेल. खोटे कागद लावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

*सावध:* मित्राच्या वर्कशॉपचं लेटरहेड, मागच्या तारखेची पगारपत्रकं, न केलेल्या कामाचं पत्र. यातलं काही सापडलं तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय तीन वर्षं दुसऱ्या बऱ्याच व्हिसांची दारं बंद होतात. ओळखीबाबत खोटेपणा केला तर दहा वर्षं. आणि अर्जात कुटुंबाची नावं असतील तर तीही त्यात अडकतात.

*तपासा:* पत्रातल्या, पीएफमधल्या आणि बायोडेटातल्या तारखा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. एका महिन्याचा फरक निघाला तरी थांबा आणि कारण शोधा.

टप्पा ५: असेसमेंट आणि इंग्रजी

आधी तुमचं काम यादीत आहे का ते बघा. ४८२ च्या मुख्य स्ट्रीमसाठी आणि थेट १८६ साठी कोअर स्किल्स ऑक्युपेशन लिस्ट लागते. ७ डिसेंबर २०२४ ला ती लागू झाली तेव्हा त्यात ४५६ व्यवसाय होते. पदाचं नाव बघू नका, नंबरखालचं कामाचं वर्णन वाचा. फिटर ३२३२११, मशिनिस्ट ३२३२१४, टूलमेकर ३२३४१२, मेटल फॅब्रिकेटर ३२२३११, पहिल्या श्रेणीचा वेल्डर ३२२३१३. कुपवाडमध्ये ज्याला आपण "फिटर" म्हणतो तो तिकडे कधी फॅब्रिकेटर निघतो, आणि चुकीच्या नंबरावर सुरू केलेलं असेसमेंट पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

भारतीय पासपोर्टवर अशा बऱ्याच ट्रेडना ४८२ साठीही ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाचं असेसमेंट सक्तीचं आहे. आधी कागद तपासतात, मग तांत्रिक मुलाखत किंवा प्रात्यक्षिक. मुलाखतीत माणसं इंग्रजीमुळे पडतात असा समज आहे. मी पाहिलेले जास्त लोक पडले ते सुरक्षिततेच्या प्रश्नांवर. ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी काय तपासता? मशिनची दुरुस्ती करताना वीज कशी तोडता, कुलूप कुणाकडे असतं? आपण हे हातानं करतो किंवा, खरं बोलायचं तर, करत नाही. शब्दांत मांडायची सवय नसते. मुलाखतीआधी आठवडाभर रोज एक काम मोठ्यानं इंग्रजीत सांगा: कोणतं ड्रॉइंग, कोणती तयारी, कोणतं मोजमाप, काय चुकू शकतं.

इलेक्ट्रिशियन आणि एसीवाल्यांना तिकडे राज्याचं लायसन्सही लागतं. त्यांची वाट लांब आहे.

इंजिनिअरना ४८२ साठी सहसा असेसमेंट लागत नाही, थेट १८६ साठी लागतं. तिथे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे जावं लागतं. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याच्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण म्हणून प्रत्येक पदवी त्यात बसत नाही. एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) टियर १ मान्यता तुमच्या शाखेला आणि तुम्ही पास झालात त्या वर्षाला लागू होती का, ते कॉलेजच्या नावावर न जाता यादीत बघा. बसत नसेल तर स्वतःच्या कामावर तीन सविस्तर प्रकरणं लिहावी लागतात. ती विकत मिळतात. घेऊ नका, नक्कल पकडायचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे असतं.

इंग्रजी: ४८२ ला आयईएलटीएसमध्ये प्रत्येक भागात ५, १८६ ला प्रत्येक भागात ६. माझा सल्ला, पहिल्याच वेळी ६ ची तयारी करा. तिकडे शिफ्ट करून रात्री रायटिंगचा सराव करणं काय असतं ते मी भोगलंय. मात्र निकाल तीनच वर्षं चालतो, तेव्हा टप्पा २ च्या पानावर बघून तारीख ठरवा.

आणि बायकोचं इंग्रजी. १८६ मध्ये १८ वर्षांवरच्या प्रत्येक जोडीदाराला किमान इंग्रजी दाखवावं लागतं, आयईएलटीएसची सरासरी ४.५ पुरते. दाखवता आलं नाही तर जवळपास ५ हजार डॉलर जादा भरावे लागतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या घरच्यांना ४.५ मुळीच अवघड नाही, तीन महिने द्या. ही परीक्षा राहिली म्हणून तीन लाखांच्या आसपास रुपये भरलेलं घर मला माहीत आहे.

टप्पा ६: मालक तपासा आणि पैसा कुणाचा ते ठरवा

कंपनीचा एबीएन, म्हणजे तिकडचा व्यवसाय-नोंदणी नंबर, मागा आणि सरकारी एबीएन लुकअपवर टाका. नाव, राज्य, किती वर्षांपासून चालू आहे, ते दिसतं. मग पगार. मुख्य स्ट्रीमसाठी किमान मर्यादा १ जुलै २०२५ पासून वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली. आठवड्याला ३८ तास धरले तर तासाला सुमारे ३८ डॉलर ७० सेंट. यात निवृत्तीचा सुपर निधी धरायचा नाही, तो वेगळा १२ टक्के. राहायला दिलेल्या खोलीची किंमत धरायची नाही. लेखी हमी नसलेला ओव्हरटाइमही नाही. "६८ हजार आणि ओव्हरटाइम धरून ८० पर्यंत जातं" ही ऑफर मर्यादेत बसत नाही. शिवाय त्याच कामाला तिथल्या माणसाला जितका पगार मिळतो त्याच्यापेक्षा कमी चालत नाही.

खर्चाची वाटणी कायद्यानं ठरलेली आहे. स्पॉन्सर होण्याची फी, नॉमिनेशनची फी आणि प्रशिक्षण निधीचा लेव्ही, हे मालकाचं. हा लेव्ही ४८२ साठी लहान कंपनीला वर्षाला १,२०० आणि मोठीला १,८०० डॉलर, १८६ साठी एकदाच ३,००० किंवा ५,०००. तो तुमच्या पगारातून कापता येत नाही, "नंतर फेडू" म्हणून वहीत लिहिताही येत नाही. व्हिसाची फी, असेसमेंट, इंग्रजी, मेडिकल, आरोग्य विमा, हे बहुधा तुमचं.

स्पॉन्सरशिपसाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही १४ डिसेंबर २०१५ पासून तिकडे बेकायदा आहे. इथल्या एजंटला "मालकाला द्यायचे" म्हणून दिलेले बारा लाखही त्यातच आले. व्हिसा रद्द होऊ शकतो, मग तो मिळून कितीही दिवस झालेले असोत. तरी आपल्याकडे ऊसबिल आलं की पहिला हप्ता, बेदाणा विकला की दुसरा, असं चालूच आहे.

परदेशात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे भारत सरकारचा भरती एजंटचा परवाना लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघा. त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी. व्हिसाचा सल्ला देणारा ऑस्ट्रेलियातला असेल तर त्याचा 'मारा' (MARA, व्हिसा-सल्लागारांची तिकडची नोंदणी) क्रमांक विचारा.

*तपासा:* इम्मीअकाउंटचा, म्हणजे व्हिसाचे अर्ज ज्यातून भरतात त्या ऑनलाइन खात्याचा, पासवर्ड तुमच्याकडे आहे का? एजंट देत नसेल तर निदान भरलेल्या अर्जाची पूर्ण पीडीएफ मागा. त्यात काय लिहिलंय याची जबाबदारी तुमची.

टप्पा ७: ४८२ दाखल करणं

कागद तयार असतील तर हा भाग सोपा आहे. मालकाची मान्यता, मग नॉमिनेशन, मग तुमचा अर्ज. मालकानं त्याआधी जागेची जाहिरात दिलेली असावी लागते. ती न देता अर्ज टाकला म्हणून फाइल पडल्याचं ऐकू येतं, तेव्हा विचारून घ्या. अर्ज गेल्यावर बायोमेट्रिक्स आणि मेडिकल. मेडिकल गावातल्या डॉक्टरकडून चालत नाही, ठरवून दिलेल्या पॅनेलच्या डॉक्टरकडेच करावं लागतं. आपल्याकडून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. एकाच फेरीत दोन्ही उरका.

मिळालेलं ग्रँट लेटर स्वतः वाचा आणि व्हेव्हो या सरकारी साइटवर नंबर टाकून खात्री करा. ते होईपर्यंत इथली नोकरी सोडू नका, निरोपाचं जेवण घालू नका.

टप्पा ८: तिथली दोन वर्षं

पोचल्यावर ९० दिवसांत काम सुरू करायचं. नॉमिनेशनमध्ये लिहिलेल्या कामावर, लिहिलेल्या मालकाकडे. शनिवारी-रविवारी टॅक्सी किंवा डिलिव्हरी करायला परवानगी नाही. लोक करतात, आणि मग पीआरच्या वेळी कराच्या कागदांत ते दिसतं.

सगळ्यात फसवा धोका म्हणजे बढती. चांगलं काम केलं, मालक म्हणाला आता तू प्रॉडक्शन मॅनेजर. व्यवसायाचा नंबर बदलला तर नवीन नॉमिनेशन आणि नवीन व्हिसा लागतो. दोन वर्षं त्याच व्यवसायात मोजायची असल्यामुळे मोजणीही तुटू शकते. पगार वाढवून घ्या, मॅनेजरची खुर्ची १८६ होईपर्यंत थांबू दे.

नोकरी गेली तर घाबरून परतीचं तिकीट काढू नका. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस, आणि व्हिसाच्या पूर्ण काळात मिळून ३६५ दिवस, नवा स्पॉन्सर शोधायला मिळतात. तोवर दुसरीकडे काम करता येतं. ७ डिसेंबर २०२४ पासून वेगवेगळ्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे केलेलं काम एकत्र मोजता येतं. पण दोन नोकऱ्यांमधले रिकामे दिवस मोजत नाहीत.

एक वही ठेवा. रजा कधी, पगारी की बिनपगारी, गावाला किती दिवस. यात्रेला, लग्नाला, द्राक्षाच्या छाटणीला आलेले आठवडे सगळे त्यात. दर महिन्याची पगारपावती त्याच दिवशी डाउनलोड करा, कारण कंपनीनं सॉफ्टवेअर बदललं की जुन्या पावत्या जातात.

टप्पा ९: १८६ दाखल करणं

अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत दोन वर्षं पूर्ण झाली की मालकाकडे जा. खरं तर त्याच्या सहा महिने आधीच जा. मालकाला पुन्हा नॉमिनेशन टाकावं लागतं, पुन्हा लेव्ही भरावा लागतो, आणि ही जागा पुढची निदान दोन वर्षं राहील हे दाखवावं लागतं. कंपनी तोट्यात असेल तर ते इथे उघडं पडतं. म्हणून "दोन वर्षांनी १८६ नॉमिनेट करू" हे सुरुवातीलाच मेलवर घेतलेलं असावं. कायद्यानं त्याची सक्ती करता येत नाही, पण लिहिलेलं वाक्य विसरता येत नाही एवढा उपयोग होतो.

नॉमिनेशन मंजूर झाल्यावर व्हिसाचा अर्ज सहा महिन्यांत टाकावा लागतो. दोन्ही एकाच वेळीही टाकता येतात. पण नॉमिनेशन नाकारलं गेलं तर तुमचा अर्जही पडतो आणि फी सहसा परत येत नाही. वय काठावर नसेल तर मी आधी नॉमिनेशन मंजूर होऊ देतो. काठावर असेल तर अर्थातच दोन्ही एकदम.

पोलीस दाखले आता काढा. गेल्या दहा वर्षांत जिथे बारा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो. मधे दुबईत दोन वर्षं काढली असतील तर तिथलाही. भारताचा तिकडे बसून वकिलातीमार्फत मागवता येतो. चौकशी गावच्या पोलीस ठाण्यात येते, तेव्हा घरी कुणाला तरी सांगून ठेवा. शिपाई आला तेव्हा दाराला कुलूप, एवढ्यानं दाखला लांबलेला आहे.

ऑस्ट्रेलियात असताना अर्ज केला की निकाल लागेपर्यंत तिथे राहण्यासाठी ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो. ४८२ ची मुदत संपेपर्यंत तो निपचित पडून असतो, तोवर ४८२ वर येणं-जाणं करता येतं. ४८२ संपला आणि तुम्ही फक्त ब्रिजिंग ए वर आहात, अशा वेळी भावाच्या लग्नाला तासगावला आलात तर परत जाता येत नाही. निघायच्या आधी ब्रिजिंग व्हिसा बी मागून घ्यायचा, आणि तो हातात आल्यावरच तिकीट काढायचं.